नावानं मारलेली हाक

वाचन: योहान 20:11-18

प्रभू उठला आहे!

आजच्या भागात मरीया मग्दालीया कबरेबाहेर रडत उभी आहे. तिचं दुःख दुहेरी आहे. प्रभू गेला हे एक. आणि शेवटचं जे करायचं तेही हातून होत नाही, कारण शरीरच जागेवर नाही. देवदूत दिसले तरी तिचं रडणं थांबत नाही. खुद्द येशू समोर उभा राहतो, तर तिला तो माळी वाटतो.

यंदा हा भाग मला फार जवळचा वाटला. नेहमीचं सॉफ्टवेअरचं काम थांबवून मी वर्षभरासाठी अलास्कात, कुस्कोक्विम नदीकाठच्या एका युपिक गावात गणित आणि कॉम्प्युटर शिकवतोय. बाहेरून गावाला रस्ता नाही. छोटं विमान, नाहीतर हिवाळ्यात गोठलेली नदी. फेब्रुवारीत आई प्रभूकडे गेली तेव्हा इथे वादळ होतं, विमानं बंद होती. आईची माती मी फोनवर पाहिली.

युपिक लोकांत एक रीत आहे. कोणी वारलं की नंतर जन्मलेल्या बाळाला त्याचं नाव देतात, आणि नावाबरोबर नातंही देतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला गावातली एक आजी 'बाबा' म्हणते, कारण तो तिच्या वडिलांच्या नावाचा आहे. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मग सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला ओरडायचं कसं, म्हणून सून त्याला टोपणनावानं हाक मारते!

गेलेल्याचं नाव जपणं ही माणसाची माया. आपल्या हातात तेवढंच असतं. पण 16 व्या वचनात उलटं घडतं. जो मेला होता तोच जिवंत होऊन मरीयेचं नाव घेतो. पुरावा नाही, स्पष्टीकरण नाही. एकच शब्द, आणि ती ओळखते. उत्तरही ती आपल्याच भाषेत देते: 'रब्बूनी'. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, हे प्रभूनं आधीच सांगितलं होतं (योहान 10:3).

इथली मंडळी मोरेव्हियन आहे. या भागात त्यांचं मिशन 1885 मध्ये बेथेल इथे सुरू झालं. ईस्टरची पहाटेची उपासना ते कबरस्तानात करतात. ही प्रथा जर्मनीतल्या हर्नहुटची, 1732 पासूनची. आज बर्फात, क्रुसांच्या मधे उभं राहून आम्ही प्रभू उठल्याची घोषणा केली. शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, 'इलुमुन', म्हणजे खरोखर.

तुमच्यापैकी कोणाला परदेशात असल्यामुळे, कोणाला कोविडच्या काळात, आपल्या माणसाच्या कबरेशी उभं राहता आलं नसेल. ती खंत खरी आहे. पण प्रभूची हाक आपण तिथे पोहोचण्यावर अवलंबून नाही. कबरेतले सर्व जण त्याची वाणी ऐकतील (योहान 5:28). माझ्या आईलाही तो तिच्या नावानं उठवील. तिथे मी पोहोचलो नाही, पण तो पोहोचलेला आहे.

मनन: आज कोणाच्या आठवणीनं तुम्ही रडत आहात? ते नाव प्रभूला सांगा.

प्रार्थना: हे उठलेल्या प्रभू, आमच्या रडण्यात तू जवळ उभा आहेस हे आम्हाला ओळखू दे. दूर राहिलेल्यांचं सांत्वन कर. आमेन.