तुमच्या लग्नात कॅमेरा कोण धरणार?

आमच्या लग्नाचा फोटोग्राफर आम्ही चौकशी करूनच ठरवला होता. काम पाहिलं होतं, स्टुडिओत जाऊन बोललो होतो. "तुम्ही स्वतः येणार ना?" असं मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं आणि "शंभर टक्के, मॅडम" असं लेखी उत्तर आलं होतं.

लग्नाच्या दिवशी दोन मुलं आली. फोटोग्राफर सर दुसऱ्या ऑर्डरवर होते. मुलं भली होती, पण लाजाहोम कधी, कानपिळी कधी, याचा त्यांना पत्ता नव्हता. होमापाशी गुरुजींनी हाक मारली तेव्हा दोघंही बाहेर ड्रोन उडवत होते.

उरलेले पैसे घेतल्यावर सरांनी फोन उचलणं बंद केलं. कितीतरी महिन्यांनी व्हिडिओ आला. घरातले सगळे पाहायला बसलो. लाह्यांचा क्लोजअप आला आणि आई म्हणाली, "हे हात तुझे नाहीत." थांबवून पाहिलं. मेंदी वेगळी, चुडा वेगळा, आजीचे तोडे नाहीत. लाह्या घालणारा हातही माझ्या भावाचा नव्हता. कुठल्यातरी अनोळखी मुलीच्या लग्नाचा तुकडा माझ्या लग्नात जोडला होता! जाब विचारला तर म्हणाले, "शॉट मिस झाला होता मॅडम. कोणाच्या लक्षात येणार?" चूक एक वेळ समजू शकते, पण हे उत्तर मी विसरणार नाही.

म्हणून सांगते, करारात स्टुडिओचं नाव पुरेसं नाही. प्रत्यक्ष कॅमेरा धरणाऱ्यांची नावं लिहून घ्या आणि ती माणसं आली नाहीत तर किती पैसे कापणार, तेही लिहा. त्याच मुहूर्तावर त्यांची दुसरी ऑर्डर आहे का, हे तोंडावर विचारा. इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो पाहून काही कळत नाही. एका लग्नाचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे फोटो मागा, अंधाऱ्या कार्यालयातले तर नक्कीच. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का, हेही विचारा. विधींचा क्रम गुरुजींकडून लिहून घेऊन कॅमेरावाल्यांच्या हातात द्या आणि घरातल्या एकाला त्यांच्यामागे लावा. बजेट आधी ठरवा, घाई करू नका, हे तर सगळेच सांगतात. पण पैशांचा शेवटचा हप्ता अल्बम आणि व्हिडिओ हातात आल्यावरच द्या, मग समोरचा कितीही गोड बोलो.

करारातली बारीक अक्षरंही वाचा. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. 'सर्व हक्क स्टुडिओकडे' या ओळीवर सही केलीत, तर तुमची ओंजळही उद्या दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत दिसेल आणि भांडणं अवघड होईल.

फसवणूक झालीच तर रडत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तेव्हा पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. आणि मूळ फाइली आठवडाभरात आपल्या हार्डडिस्कवर मागून घ्या. आम्ही मागितल्या तेव्हा त्या पुसल्या गेल्या होत्या.