औषध महाग, की आयुष्य स्वस्त?

पाचगणीच्या बेल-एअर सॅनिटोरियममध्ये एकेकाळी क्षयाचे रोगी थंड, कोरड्या हवेसाठी येत. क्षयावर औषधच नव्हतं. आज औषधं आहेत, पण नवं औषध सरकारने घ्यायचं की नाही, याचा हिशोब होतो. तो आपल्या घराघरांत कळायला हवा.

हिशोब असा. जुन्या औषधापेक्षा नव्याला जादा खर्च किती, आणि त्यातून धडधाकट आयुष्याची जादा वर्षं किती? एका वर्षामागचा खर्च मर्यादेत बसला तर औषध 'परवडतं'. भारतात ही मर्यादा साधारण दरडोई जीडीपीएवढी, म्हणजे सुमारे २ लाख रुपये धरतात. इंग्लंडात अनेक वर्षं ती २० ते ३० हजार पौंड होती. हे प्रथम वाचलं तेव्हा मला राग आला. गरिबाचं वर्ष स्वस्त का? पण तिजोरी मर्यादित आहे. एकाच महाग औषधावर पैसा गेला, तर लसी आणि बाळंतपणं उघडी पडतात. मर्यादा हवीच.

मात्र औषधाची किंमत आकाशातून पडत नाही, ती कंपनी ठरवते. समजा, जादा खर्च ३ लाख आणि मिळालं एक वर्ष, तर औषध नापास. किंमत उतरून जादा खर्च दीड लाखावर आला, की तेच औषध पास! थायलंडने हेच केलं. तिथे मर्यादा १ लाख ६० हजार बाट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस सुरुवातीच्या किमतीला त्यांनी घेतली नाही. किंमत उतरल्यावर २०१७ पासून शाळकरी मुलींना ती मोफत मिळू लागली.

आपल्याकडचं उदाहरण बेडाक्विलिनचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी कानामायसिनची सुई देत. मीही ती टोचली आहे. तिने कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांचीही श्रवणशक्ती टीबीच्या उपचारात गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि जागतिक खरेदीतली किंमत निम्म्याखाली आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बेडाक्विलिनसह सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. त्याआधी खर्च आणि फायद्याचा हाच हिशोब करून घेतला होता. जुना उपचार २० महिन्यांपर्यंत चाले. रोजंदारीवरच्या घराला १४ महिन्यांचा फरक काय असतो, हे मी सांगायला नको.

घरात असा टीबी निघाला, तर सरकारी केंद्रात स्पष्ट विचारा: "सहा महिन्यांचा उपचार आमच्या पेशंटला चालेल का? नसेल, तर का नाही?"