वहिनींची वही

जत्रा संपली. वहिनी घरी आल्या. टोपली रिकामी होती आणि चेहरा फुलला होता.

"आत्याबाई, चाळीसच्या चाळीस जोड गेले! पन्नास रुपयांना एक. दोन हजार आले बघा."

सासूबाईंनी नोटा हातात घेतल्या. मग म्हणाल्या, "चांगलं झालं, सूनबाई. पण ह्यात आपलं किती?"

वहिनी गप्प बसल्या. पैसे किती आले, ते ठाऊक होते. किती गेले, ते कोठेच लिहिलेले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "मी दूध घालायची, तेव्हा भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. मला अक्षर येत नव्हतं. तुला तर येतं ना? मग वही घे."

त्या रात्री वहिनींनी वही घेतली. त्यांनी काय लिहिले, ते आपण पाहू. पण आधी त्यांचा धंदा समजून घेऊ.

ही माती कसली?

वहिनी पॉलिमर क्लेचे डूल, मणी आणि लहान बाहुल्या करतात. क्ले म्हणजे माती. पण नावावर जाऊ नका. ही शेतातली माती नव्हे आणि कुंभाराचीही नव्हे. पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची पूड, ती मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग कालवून ही क्ले बनवतात. पाण्याचे प्लास्टिकचे नळ असतात ना, तेही पीव्हीसीचेच.

कुंभाराची माती वाऱ्याने सुकते. ही क्ले तशी सुकत नाही. भाजेपर्यंत ती मऊ राहते. भाजली की कडक होते.

हिची एक गोष्ट आहे. जर्मनी देशात केटे क्रूझे नावाच्या बाई बाहुल्या करीत. १९३९ च्या सुमारास त्यांच्याकडे असा एक मऊ पदार्थ आला. त्यांच्या कारखान्याला तो उपयोगी पडला नाही. त्यांच्या मुलीला घरात फिफी म्हणत. तिने तो पदार्थ टाकून दिला नाही. त्याच्या वस्तू केल्या, पुढे तो विकायलाही ठेवला. १९६४ साली एका मोठ्या कंपनीने तो तिच्याकडून घेतला. आज 'फिमो' नावाची क्ले जगभर विकली जाते. त्या नावातला 'फि' हा फिफीचा.

करण्याची रीत

कणीक मळतो तशी क्ले हाताने मळावी. मऊ झाली की आकार द्यावा. आधी पांढरा व पिवळा रंग घ्यावा, लाल व काळा शेवटी घ्यावा. नाहीतर हाताचा लाल रंग पांढऱ्याला लागतो. प्रत्येक रंगानंतर हात ओल्या फडक्याने पुसावेत.

डुलाचे दोन्ही मणी सारखे हवेत. त्यासाठी क्लेची सारख्या जाडीची वळी करावी. पट्टीने मोजून सारखे तुकडे कापावेत. मग एकेक तुकडा तळहातावर गोल करावा. भोक भाजण्याआधीच सुईने पाडावे.

बाहुली मोठी असेल तर आत चांदीसारख्या कागदाचा, म्हणजे फॉइलचा, गोळा घालावा. क्ले कमी लागते आणि वस्तू हलकी होते.

भाजताना जपा

किती अंशांवर व किती वेळ भाजायचे, ते पाकिटावर छापलेले असते. बहुतेक क्ले ११० ते १३० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. जाड वस्तूला वेळ जास्त लागतो. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत असेल, तर वर्गातल्या बाईंकडून तो मराठीत आपल्या वहीत उतरून घ्यावा. वाचल्याशिवाय भट्टी लावू नये.

चुलीवर किंवा तव्यावर क्ले भाजू नये. तिथे आच हाती राहत नाही. क्ले करपली तर नाकाडोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. यासाठी विजेची लहान भट्टी, म्हणजे ओव्हन लागतो. भाजताना खिडकी उघडी ठेवावी. धूर दिसला तर भट्टी बंद करावी आणि मुलांना घेऊन बाहेर यावे.

ह्या ओव्हनमध्ये खाण्याचे काही भाजू नये. लाटणे, पाट, सुरी हेही वेगळे ठेवावे. स्वयंपाकाला पुन्हा वापरू नये.

एकटीने ओव्हनसाठी कर्ज काढू नका. आधी दोनतीन रंगांच्या वड्या आणून हात बसवा. बचत गटातल्या पाचसहा जणींनी मिळून एक ओव्हन घेतला, तर भार हलका होतो.

वहीतला हिशेब

आता वहिनींची वही उघडू. त्यांची वडी ५६ ग्रॅमची होती. किंमत २८० रुपये. म्हणजे एका ग्रॅमला ५ रुपये. एका जोडाला ६ ग्रॅम क्ले लागली. वहिनींनी लिहिले:

क्ले – ३० रुपये
कानातले आकडे – ४ रुपये
पुठ्ठा व पिशवी – ६ रुपये
वीज व मोडतोड – ५ रुपये
एकूण – ४५ रुपये

विकले ५० ला. उरले ५ रुपये. चाळीस जोडांचे उरले २०० रुपये.

सासूबाईंनी विचारले, "एका जोडाला वेळ किती लागतो?"

"अर्धा तास लागतो, आत्याबाई."

चाळीस जोडांना वीस तास झाले. वीस तास राबून दोनशे रुपये! तासाला दहा रुपये पडले. वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी तर फुकटच राबले की!"

"फुकट नाही," सासूबाई म्हणाल्या. "शिकलीस ना! आता हाताची मजुरीही लिही."

वहिनींनी तासाला ८० रुपये मजुरी धरली. अर्ध्या तासाचे ४० झाले. ४५ आणि ४० मिळून ८५. वर १५ रुपये नफा. किंमत ठरली १०० रुपये.

शंभर रुपयांना तो जोड कोणी घेईल का? सगळे घेणार नाहीत. म्हणून जोड सुबक हवा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. बोटांचे ठसे घासून काढलेले हवेत. जत्रेत स्वस्त माल खपतो. राखीपौर्णिमेला, नवरात्रात आणि शहरातल्या प्रदर्शनात लोक हातच्या कामाला पैसे देतात. पण ८५ च्या खाली विकले, की आपली मजुरी आपणच कापली असे समजावे.

दुकानात माल ठेवताना

वहिनींनी मागे एकदा तालुक्याच्या एका दुकानात तीस जोड ठेवले होते. महिन्याने दुकानदार म्हणाले, "बाई, तुम्ही चोवीसच दिले होते." वहिनींजवळ चिठ्ठी नव्हती. त्या तशाच परत आल्या.

दुकानदार लबाड असेलच असे नाही. विसर सर्वांनाच पडतो. कागद मात्र विसरत नाही. म्हणून माल ठेवताना चिठ्ठी करावी. तारीख, नग, दर आणि दोघांच्या सह्या घालाव्यात. एक चिठ्ठी त्यांच्याकडे, एक आपल्याकडे.

दुकानदार चौथाई हिस्सा घेतो असे समजा. १०० च्या जोडावर त्याचे २५ गेले. वहिनींच्या हाती ७५. खर्च व मजुरी तर ८५ आहे. म्हणून दुकानातली किंमत १२० हवी. त्याचे ३० गेले, तरी वहिनींना ९० मिळतात.

खरे सांगून विका

गिऱ्हाईक विचारते, "ही माती का?" वहिनी सांगतात, "नाही ताई, हे प्लास्टिक आहे. पण हातानं घडवलेलं आहे." ही क्ले पाण्यात विरघळत नाही. म्हणून विसर्जनाची गणेशमूर्ती हिची करू नये. तिला शाडूची माती बरी. आकड्याने कोणाचा कान खाजला, तर तो आकडा बदलून द्यावा. खरे बोलणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

पुढच्या खेपेला वहिनी चाळीस जोड घेऊन गेल्या. अठरा जोड गेले, शंभर रुपयांना एक. बावीस परत आले.

"कमी गेले गं," सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी वही उघडली. "अठरा जोडांचे अठराशे आले. खर्च आठशे दहा. उरले नऊशे नव्वद. तास लागले नऊ. बावीस जोडांत पैसा अडकला आहे खरा, पण ते राखीला जातील."

सासूबाई हसल्या. त्यांनी वही हातात घेतली आणि उलटी धरली. वहिनींनी ती हळूच सुलटी केली.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "हा नऊचा आकडा कुठला, तो मला दाखव."

तुम्ही सोडवा

१. एका माळेला ७० रुपयांचे सामान आणि एक तास लागतो. मजुरी तासाला ८० रुपये आहे. माळ १२० ला विकली, तर मजुरी पुरी मिळाली का?
२. दुकानात २५ जोड ठेवले आहेत. त्याची चिठ्ठी तुमच्या वहीत लिहा.