बारकोड यंत्र : घेण्यापूर्वी हे समजून घ्या

धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा येथील अनेक व्यापारी बंधू बिलासाठी बारकोड यंत्र घेण्याचा विचार करतात. अमेरिकेतील ट्रॉय गावच्या एका दुकानात २६ जून १९७४ रोजी च्युइंगमच्या पाकिटाने सुरू झालेली ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. मात्र यंत्र आणले की हिशेब आपोआप बरोबर येतो, हा समज चुकीचा आहे.

यंत्र काय वाचते?

काळ्या पट्ट्या प्रकाश शोषतात, पांढऱ्या तो परतवतात. त्यावरून यंत्र बहुधा १३ आकडे ओळखते. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. नेहमीच्या पट्ट्यांत भाव नसतो आणि मालाची मुदतही नसते. भाव आपण संगणकात भरलेला असतो. मुदत नोंदवावी लागते किंवा डोळ्यांनी पाहावी लागते.

सर्वांत मोठी अडचण

एकाच मालाच्या जुन्या व नव्या पाकिटावर एमआरपी वेगळी, पण बारकोड तोच, असे वारंवार घडते. समजा, ४० रुपयांचा साबण ४५ झाला. आपण नवा भाव भरला आणि गिऱ्हाइकाने जुने पाकीट उचलले, तर बिल ४५ चे निघेल. वैधमापन कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. आपला हेतू वाईट नसला तरी गिऱ्हाईक फसवणूकच समजेल. भाव उतरला तरी काळजी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा संगणकातील भाव त्याच दिवशी बदलणे आवश्यक होते.

यावर उपाय असे :

१. माल येताच प्रत्येक एमआरपीची वेगळी नोंद करावी. बिलाच्या वेळी संगणक कोणता भाव घ्यायचा ते विचारेल, अशीच प्रणाली निवडावी.
२. जुना माल पुढे मांडून आधी संपवावा.
३. रोज दहा वस्तूंचा छापील भाव बिलाशी ताडून पाहावा.

सुटा माल आणि कारागीर

भूमकडील खवा, डाळी, कापडाचे तुकडे यांवर कंपनीचा बारकोड नसतो. फक्त आपल्याच दुकानापुरते २ ने सुरू होणारे क्रमांक छापता येतात. परंतु मसाले, लोणची बनवून बाहेरच्या दुकानांना देणाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या जीएस-वन इंडिया या संस्थेकडून रीतसर क्रमांक घ्यावा. २०० व ५०० ग्रॅमच्या पाकिटांना वेगवेगळे क्रमांक लागतात. दुसऱ्याचा क्रमांक छापल्यास बिलावर त्याच्याच मालाचे नाव येईल. आपले क्रमांक ८९० ने सुरू होतात. त्यावरून नोंदणी भारतातील आहे एवढेच कळते, माल कोठे बनला ते नव्हे.

उधारीचे काय?

कोणता माल खपला, कोणता पडून आहे, हे यंत्रामुळे रोज कळते. उधारी कोणाकडे आहे हे मात्र नाव लिहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रथम जास्त खपाच्या ५० वस्तू भराव्यात, महिनाभर वहीशी मेळ घालावा आणि मगच पुढचा माल चढवावा.