रोमन ब्राँझ नाण्यांवरील देव आणि सम्राट

प्राचीन रोमन साम्राज्यात सामान्य मनुष्याच्या हाती नित्य पडे ते ब्राँझचे नाणे. तापविलेली धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत. त्यामुळे एका बाजूस सम्राटाचे मुख व त्याच्या पदव्या, तर दुसऱ्या बाजूस बहुधा एखादी देवता किंवा विजयचिन्ह उमटे. राज्यकर्त्यास प्रजेला जे सांगावयाचे असे, ते असे घरोघर पोहोचे.

सम्राट कॉन्स्टंटाइन याची नाणी या दृष्टीने उद्बोधक आहेत. इ. स. ३१२ मध्ये रोमजवळील मिल्वियन पुलाच्या लढाईत तो विजयी झाला. ख्रिस्ती लेखकांनी या विजयाचे श्रेय ख्रिस्ताच्या कृपेस दिले आहे. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या आचरणास मोकळीक मिळाली. तथापि, त्यानंतरही काही वर्षे कॉन्स्टंटाइनच्या ब्राँझ नाण्यांवर सूर्यदेवच दिसतो. त्याच्या मस्तकाभोवती किरणे असून उजवा हात उंचावलेला आहे. सभोवती ‘सोली इन्व्हिक्टो कोमिती’, म्हणजे ‘सहचर अजिंक्य सूर्यास’, असा लेख आहे.

पुढे ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत एक निराळे नाणे पाडण्यात आले. त्यावर सर्पाला भेदणारा ध्वज असून त्याच्या शिरोभागी ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे एकत्र गुंफलेली आहेत. ३२४ मध्ये पराभूत झालेला प्रतिस्पर्धी लिसिनियस या सर्पाने सूचित होतो, असे अनेक अभ्यासक मानतात.

३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ पाडलेल्या नाण्यावर तो चार घोड्यांच्या रथातून वर जात आहे आणि आकाशातून एक हात त्याच्याकडे पुढे आला आहे. हा हात ईश्वराचा होय. परंतु त्याच नाण्यावर सम्राटास ‘दिवुस’, म्हणजे देवत्व पावलेला, ही जुनी रोमन पदवीही दिलेली आहे.

यांपैकी एकच नाणे पाहणाऱ्याचा तर्क चुकण्याचा संभव आहे. पदव्या व टांकसाळीची अक्षरे यांच्या साहाय्याने नाणी कालक्रमाने मांडली, म्हणजे जुने आणि नवे दीर्घकाळ एकत्र नांदत होते, हे ध्यानी येते. चौथ्या शतकातील अशी लहान रोमन नाणी तामिळनाडूतही सापडली आहेत. त्यांचे वाचनही याच रीतीने करावयाचे असते.