तळ ठाऊक नसलेलं पाणी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल शेजारच्या पोराने मोबाईलवर तुमचा व्हिडिओ दाखवला. पवना धरणात खडकावरून सूर मारणारा तूच ना? तोंड दिसलं नाही, पण पाठ ओळखली. दादाचीच पाठ. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पोहता येतं, हे मला सांगू नकोस. मळ्यातल्या विहिरीत कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधून तुला पाण्यात सोडलं, तेव्हा काठावर मीच उभी होते. पण त्या विहिरीचा तळ आपल्याला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात ती आटली, तेव्हा आम्ही भावंडं आत उतरून गाळ उपसत होतो. कपार कुठे, खडक कुठे, सगळं हाताने चाचपलेलं. पवनेच्या पाण्याखाली मावळातली शेतं आहेत, बांध आहेत, नदीचं जुनं पात्र आहे. कमरेएवढ्या पाण्यातून पाऊल पुढे टाकावं आणि खाली जमीनच नसावी! विहिरीत चार हात मारले की धरायला भिंत असते. तिथे दम लागला तर काय धरशील?

आणि तुझं बघून न पोहणारा कुणी उतरला तर? बुडणारा बहुतेकदा ओरडत नाही रे, श्वासच पुरत नाही त्याला. जवळ गेलास तर मिठी मारून तुलाही खाली नेईल. दोर फेकायचा, रिकामा कॅन फेकायचा. आप्पांनी हे आम्हाला पोहण्याआधी शिकवलं. तुला कुणी सांगितलंय का?

पाणी वाईट म्हणत नाही मी. मुटका मारण्यात मी दादाच्या पुढे होते. पण दुष्काळ सरून विहीर भरली तोवर मी मोठी झाले होते; आईने पुन्हा उतरू दिलं नाही. दादा पोहायचा आणि मी त्याचे कपडे राखत बसायची. ती रुखरुख अजून आहे. म्हणून तुझं पोहणं कुणी बंद करावं असं मला वाटत नाही. फक्त तळ माहीत नाही तिथे सूर मारू नकोस. धरणावर गेलास तर जॅकेट घाल. हसू देत पोरं.

वहिनीला यातलं काही बोलले नाही. ती आधीच तुझ्या मेसच्या जेवणावरून झुरते. फार बोलले का रे? दिवाळीला लवकर ये. विहीर यंदा तुडुंब आहे आणि मीही उतरणार आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. गुडघे धरतात माझे, तेव्हा तू जवळ राहा.

तुझी,
माई आत्या