कॉफी : केव्हा, किती आणि कशी?



कामानिमित्त भोपाळला गेलो की टी. टी. नगरच्या न्यू मार्केटमधील इंडियन कॉफी हाऊसकडे आमचे पाय आपोआप वळतात. फेटा बांधलेला वाढपी वाफाळता कप समोर ठेवतो आणि पहिला घोट घेण्याआधीच नुसत्या वासाने प्रवासाचा शीण उतरतो. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद केली तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या व ती स्वतः चालवली. सहकाराची ही चव आपणा शेतकऱ्यांना वेगळी सांगायला नको. कॉफी आपल्या मुलखाला परकीही नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला ती पिकते.

"कॉफी उष्ण, प्रकृतीला वाईट," असे घरोघरी म्हणतात. शास्त्र काय म्हणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीवर संशय घेतला होता. २०१६ साली तो मागे घेतला. मात्र ६५ अंशांहून अधिक गरम असे कोणतेही पेय अन्ननलिकेस धोक्याचे, असा इशाराही दिला. नियमित कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह व यकृताचे विकार कमी आढळतात. तरी हा गुण कॉफीचाच, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून कॉफी आनंदाने प्यावी, औषध म्हणून नव्हे.

आता पथ्य पाहू.

१) जेवणाबरोबर कॉफी नको. चहालाही हाच नियम. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह अंगी लागण्यास ही पेये अडथळा करतात. जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास जाऊ द्यावा. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक मिळते.

२) साखर बेताची. दोन चमचे साखरेचे चार कप झाले की दिवसाला आठ चमचे साखर पोटात जाते. मग मधुमेह टळावा कसा?

३) निरोगी माणसाला दिवसाला तीन-चार लहान कप पुरेत. गरोदर बाईने दोनच्या वर जाऊ नये. मुलांना दूधच द्यावे.

४) संध्याकाळनंतर टाळावी. कॉफीतील कॅफीनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही अंगात असतो. पहाटे गोठ्यात जाणाऱ्याची झोप मोडते.

५) न्याहारीऐवजी कॉफी नको. कॉफीने भूक मरते, पोट भरत नाही.

यातील पहिला नियम आमच्या भगिनींनी नीट लक्षात घ्यावा. कॅफीन थकवा घालवत नाही. थकल्याची जाणीव तेवढी काही वेळ दाबते. दिवसभर निंदणी-कापणी करून बाई थकते, पुष्कळदा अंगात रक्त कमी असते म्हणून थकते. तरतरी यावी म्हणून ती जेवतानाच चहा-कॉफी घेते आणि होते-नव्हते ते लोहही वाया जाते. थकवा हटतच नसेल, धाप लागत असेल, तर आणखी एक कप न घेता दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे. घरच्या पुरुषांनी तिला तिथे घेऊन जावे.

मग दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, पडवीत बसून, सगळ्यांनी मिळून कॉफी प्यावी. तिलाही बसवावे आणि तो कप दुसऱ्या कोणीतरी करून आणावा.